चार महिन्यांचा कर

।। श्री ।।
४ जून

सौ. वन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

गाडी पोचली. फोनवर आपलं दोघींचं कधी धड होत नाही, आणि तुमचा फोन हल्ली बंदच लागतो, म्हणून लिहिते. लिहिलेलं राहतं. बोललेलं ज्याला जसं हवं तसं आठवतं.

काल सासूबाईंना पहिल्यांदा या गाडीतून डायलिसिसला नेलं. आठवड्याचे तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, जाऊन-येऊन सहा-सात तास. दोन वर्षं आम्ही त्यांना दोन बस बदलून नेत होतो. परत येताना पायरी चढायची ताकद नसायची, मागचे लोक ओरडायचे. काल त्या पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावून घेतला आणि शेजारच्यांना हात करून म्हणाल्या, "माझ्या लेकीची गाडी." पैसे आम्ही मोजलेत हे मी मध्येच सांगितलं नाही.

नोंदणीच्या पुस्तकावर नाव जावईबापूंचं आहे. विक्रीच्या चिठ्ठीवर सहीही त्यांचीच, आणि तुम्ही सांगितलंत म्हणून पैसे त्यांच्याच खात्यात भरले. ती चिठ्ठी वाहन कराच्या कार्यालयाला पाठवायची असते. ह्यांनी ती चार दिवस शर्टाच्या खिशात फिरवली. "ती म्हणाली, घाई नाही," असं यांचं म्हणणं. मी परवा ती खिशातून काढली आणि स्वतः पेटीत टाकून आले. गाडी आपली झाली तर ते सरकारला कळायला हवं. लपवाछपवी माझ्याच्याने होत नाही. मला रोज देवापुढे बसायचं असतं.

किमतीत चार महिन्यांच्या कराचे तीन हजार दोनशे वेगळे लावले होते. सप्टेंबरअखेरपर्यंतचा कर भरलेला आहे, तो गाडीबरोबर येतो, असं कारण दिलं होतं. दिले. सख्ख्या भावाला कुणी असं वेगळं लावतं का ते मला ठाऊक नाही. माझ्या माहेरी कुणी गाडी घेतलेली नाही.

एक विचारते. आठ महिन्यांची गाडी, मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. अशी गाडी साठ हजार कमी घेऊन कुणी का विकतं? शेजारीण विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

कळावे,
तुमची वहिनी


९ जून

ती. वहिनींस,
सा. न.

शेजारणीला सांगा, वन्संना पैसे जास्त झालेत. किंवा सांगा, डोकं फिरलंय. तुम्हाला जे सोपं वाटेल ते सांगा. मी दादाला गाडी दिली. तुमच्या आळीला कारणं पुरवायचं कबूल केलेलं नव्हतं.

करासाठी वेगळे लावले हे खरं आहे. भरलेला कर फुकट का द्यायचा? पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, सप्टेंबरपर्यंतची, तारीख बघून घ्या. तुम्ही बघितलीच असेल.

आई नऊ वर्षं तुमच्याकडे आहे हे तुम्ही पत्रात कधी लिहीत नाही, पण प्रत्येक ओळीला त्याचा वास येतो. मी आईला न्यायला दोनदा आले होते. दोन्ही वेळा "तिकडे त्यांना करमायचं नाही" असं तुम्हीच म्हणालात. आता बसच्या पायऱ्या मला ऐकवू नका.

यापुढे पत्र चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, जिथे मी काम करते तिथे. घरी टपाल गहाळ होतं.

आईला म्हणावं, पट्टा फार आवळू नकोस.

तुमची,
नणंद


।। श्री ।।
१७ जून

वन्सं,

परवा सोमवारी चार तास यंत्राला लावून सासूबाईंना बाहेर आणलं, तर हॉस्पिटलच्या फाटकाशी आपल्या गाडीच्या चाकाला पिवळा लोखंडी जबडा. काचेवर कागद डकवलेला: कर न भरलेले वाहन. भोवती माणसं जमलेली. रखवालदार म्हणतो, "मी काय करू? ते आले, नंबर बघितला, लावून गेले."

मी तुमची पावती घेऊन निघाले. कर कार्यालय पुढच्याच चौकात आहे. सासूबाईंना एकटं कुठे ठेवणार? हॉस्पिटलच्याच चाकांच्या खुर्चीतून हे त्यांना ढकलत आले. खिडकीशी बाकड्याजवळ त्यांची खुर्ची लावली आणि मी पावती आत सरकवली. कारकुनाने ती बघितलीसुद्धा नाही.

"बाई, ही जुन्या मालकाची."

"गाडी तीच आहे. कर गाडीचा भरलाय."

"कर गाडीचा नसतो. गाडी ज्याच्या नावावर, त्याचा असतो. गाडी विकली की त्याचा कर तिथेच संपला. उरलेले महिने त्याला परत जातात. नव्या मालकाने स्वतःचा भरायचा, आणि भरल्याशिवाय चाक रस्त्याला लावायचं नाही."

"कधीपासूनचा भरायचा?"

"एक जूनपासूनचा."

"जूनचा तर त्यांनी भरलेलाच आहे."

"त्यांना जुलैपासूनचे तीन महिने परत. चिठ्ठी आम्हाला जूनमध्ये मिळाली. मे संपायच्या आत मिळाली असती तर चार."

"म्हणजे जूनचा तुम्ही दोघांकडून घेतला."

"नियम आहे."

"कुणी केला असला नियम?"

"मी नाही केला. मला पाठ आहे, एवढंच."

मग मी विचारलं, परतावा कुणाला गेला. त्याने यंत्रात बघून जावईबापूंचं नाव मोठ्याने वाचलं, पत्ता वाचायला लागला. मी म्हटलं, पत्ता राहू द्या, आकडा सांगा. दोन हजार चारशे. बारा तारखेला चेक रवाना.

तेव्हा आता बघा. चार महिन्यांचा कर तुम्ही आमच्याकडून घेतलात, आणि त्यातल्या तीन महिन्यांचा सरकारकडूनही घेतलात. आम्ही दंड भरला, जबडा काढायचे भरले, मिळून साडेचार हजार, शिवाय जूनचा कर. जवळ तेवढेच होते. एका कराला दोन गिऱ्हाइकं गाठणं दुकानात शिकलात की घरी?

सासूबाई त्या खुर्चीत दीड तास बसून होत्या. कारकुनाकडे पाणी मागितलं, तेवढंच बोलल्या. आज सकाळी मी पुढचं दार उघडून उभी, तर म्हणाल्या, "त्या गाडीत मी बसणार नाही." मला कळलंय का ते. चारचौघांत जबडा लावलेल्या गाडीपुढे त्यांना उभं राहावं लागलं. या वयात त्यांची अब्रू निघाली ती तुमच्या पावतीपायी. भाड्याच्या गाडीने नेऊन आणलं.

तीन हजार दोनशे परत पाठवा. दंडाचं मी म्हणत नाही. ते देव बघेल.

वहिनी


२१ जून

वहिनींस,

मला कसलाही चेक आलेला नाही. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

चिठ्ठी चार दिवस कुणाच्या खिशात फिरली? तुमच्या यजमानांच्या. मे महिन्यातच टाकली असतीत तर जूनचा दोनदा गेला नसता. आणि गाडी घेणाऱ्याने आधी जाऊन विचारायचं असतं. भेंडी घेताना तुम्ही एकेक मोडून बघता. एवढी मोठी गाडी घेताना कार्यालयात जाऊन दोन शब्द विचारावेसे वाटले नाहीत? मॅट्रिकला मला गणितात किती मार्क पडले ते तुम्ही माझ्या लग्नात माझ्या सासरच्यांना सांगत होतात. मला अजून आठवतं, मान खाली गेली होती.

तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेतलाय. शब्द वापरला नाहीत, हुशार आहात.

तुमच्या जावईबापूंना विचारा म्हणाल, तर ते दौऱ्यावर आहेत.

आईला गाडीत बसवणं हे तुमच्या घरातलं काम. तेही तीन तासांच्या अंतरावरून मीच करायचं का? तिला रागे भरू नका म्हणजे बसेल.

नणंद


।। श्री ।।
२५ जून

वन्सं,

हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते. टपालाने दोन-तीन दिवस लागतात, तेवढा वेळ नाही.

आधी तुमचं. मंगळवारी मी जुलै ते सप्टेंबरचा कर भरायला गेले. देवाच्या डबीत हात घातला, आयुष्यात पहिल्यांदा. चेक तुम्हाला आला नाही म्हणता. कारकुनाने मला नोंद दाखवली, पैसे उचललेले आहेत. आता मी शब्दही वापरते. तुम्ही खोटं बोलता.

पैसे घेताना कारकून म्हणाला, "ऑक्टोबरात येताना जास्त आणा." म्हटलं, का? तर गाडीला वर्ष पुरं झालं की दुसऱ्या वर्षापासून कर बदलतो. आणि कोरी असताना जिची छापील किंमत एका मर्यादेच्या वर होती, तिला वर आणखी चौदा हजार, दरसाल, पाच वर्षं. मी म्हटलं, "आम्ही तर मर्यादेच्या आत घेतली." तो म्हणतो, "तुम्ही कितीला घेतली ते विचारात नाही. दुकानात कितीची होती ते विचारात." पाच चोक वीस करायला मला कागद लागत नाही. सत्तर हजार. साठ सोडलेत आणि सत्तर आमच्या गळ्यात घातलेत, वर्ष पुरं व्हायच्या आत. शेजारणीला द्यायला मला उत्तर मिळालं.

यांनी दुहेरी पाळ्या घेतल्यात. रात्री जेवताना ताटावरच झोप येते. तुमच्याबद्दल एक शब्द बोलू देत नाहीत, बहीण ना.

आता सासूबाईंचं. सोमवारी भाड्याच्या गाडीने गेल्या. काल बुधवारी त्यालाही नाही म्हणाल्या. मी पाया पडले, यांनी उचलून न्यायचा प्रयत्न केला, तर दाराची चौकट धरून ठेवली. एवढ्याशा हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. म्हणाल्या, "मला नेऊ नका. माझं मी बघते." काय बघणार? रक्त धुतलं नाही की अंगात पाणी चढतं. आज बोटं सुजलीत, अंगठी निघत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक वेळ चुकली, दुसरी चुकवू नका, तिसरीची वाट बघायची नाही.

या भांडणापायी त्या स्वतःला संपवताहेत असं मला वाटतं. आपल्या दोघींची पत्रं त्यांनी वाचलेली नाहीत, पण घरातली हवा त्यांना कळते. पैसे ठेवा तुमच्याकडे. चार ओळी त्यांना लिहा, की गाडीत काही वावगं नाही, बस. त्या माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील, तुम्ही लेक आहात, मी नुसती सून.

वहिनी


२६ जून

वहिनी,

कंडक्टरने दुकानात पत्र दिलं तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं, एका म्हाताऱ्या बाईंना मी अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होते. त्यांना थांबायला सांगून वाचलं.

चेक मला आलेला नाही हे खरं आहे. तो त्यांना गेला, त्यांच्या पत्त्यावर. त्यांचा पत्ता आणि माझा पत्ता फेब्रुवारीपासून वेगळा आहे. त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलंय. बाई कोण ते तुम्ही ओळखत नाही, आणि ओळख करून द्यायची मला हौस नाही. मी दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. फोन त्यांच्या नावावर होता, तो त्यांनी तोडला. गाडीही त्यांच्याच नावावर. दलालाला विकत होते. मी म्हटलं, दादाला द्या, निदान आईच्या कामाला येईल. तेव्हा त्यांनी साठ हजार कमी केले, मला वाटलं, एवढी तरी माणुसकी आहे. चार महिन्यांच्या कराची ओळ त्यांनीच घातली. ऑक्टोबरपासूनच्या जास्तीच्या कराचं त्यांना नक्की ठाऊक असणार, ते कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत. मला ठाऊक नव्हतं. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

गाडीच्या पैशातला एक छदाम माझ्या हाताला लागलेला नाही.

तुम्हाला का सांगितलं नाही, ते विचाराल. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आधी हळहळला असतात, मग म्हणाला असतात की तुम्हाला पहिल्यापासूनच तो माणूस पसंत नव्हता, आणि मग देवापुढे माझ्या नावाने दिवा लावला असतात. यातलं काहीच मला सोसलं नसतं. त्यापेक्षा लबाड ठरलेलं बरं. लबाडाची कुणाला कीव येत नाही.

आईला काय लिहू? चार वेळा कागद घेतला. गाडीत वावगं नाही असं कसं लिहू?

तुम्हीच सांगा तिला काहीतरी. खोटं बोलता येत नाही म्हणता, एकदा बोलून बघा.

नणंद


।। श्री ।।
२७ जून

वन्सं,

कंडक्टरला सांगितलंय, हे पत्र तुमच्याच हातात द्यायचं, दुकान बंद असेल तर वरच्या खोलीचं दार वाजवायचं.

तुमचं पत्र काल रात्री आलं. आज दुपारी मी सासूबाईंच्या उशाशी बसले. काल शुक्रवारही चुकला, चेहरा सुजून डोळे बारीक झालेत, धाप लागतेय. मी खोटं बोलायचं ठरवून बसले होते, तुमच्या सांगण्यावरून. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तिचं पत्र आलं ना? सांगितलं का तिने?"

"काय सांगायचं?"

"तो काचेमागचा माणूस जावयाचं नाव वाचत होता, आणि पत्ता भलत्याच वस्तीतला. माझ्या लेकीच्या घराचा पत्ता मला पाठ आहे. तू आकडा लिहून घेत होतीस."

मी त्यांना विचारलं, तेव्हाच का नाही बोललात? मला तरी सांगायचं होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू तिला पत्र लिहिलं असतंस."

मी त्यांची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "माझ्या लेकीची गाडी म्हणून मी आळीभर हात करत बसले. तिच्या हातून ती काढून घेतली होती. त्या गाडीत मी पट्टा लावून बसू? आणि भाड्याच्या गाडीतही नाही. तिला यायला सांग. मी गेल्यावर येणारच आहे, ती आधी येऊ दे."

तर अशी ही गोष्ट आहे. मी इतके दिवस समजत होते, त्यांची अब्रू गेली म्हणून बसत नाहीत. तुम्ही समजत होता, मी रागावते म्हणून बसत नाहीत. दोघी आपापल्या जागी शहाण्या.

तुमची कीव मला आलेली नाही, काळजी करू नका. राग आहे, आणि तो अजून पुष्कळ शिल्लक आहे. फेब्रुवारीत एक ओळ लिहिली असतीत तर मी ही गाडी घेतली नसती, आणि तुम्हाला ती पत्रंही लिहिली नसती. सतरा तारखेचं आणि पंचवीस तारखेचं, दोन्ही मला आता आठवतात आणि जेवण जात नाही. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. तो माणूस मला पहिल्यापासून पसंत नव्हता, हे तुम्ही म्हणालात म्हणून नाही, खरंच नव्हता.

तीन हजार दोनशे मी तुमच्या नावावर लिहिले होते ते आज खोडले. शनिवारी अर्धा दिवस कार्यालय उघडं असतं. सकाळी जाऊन कारकुनाकडून तो दुसरा पत्ता मागून पाहिला. तो म्हणतो, देता येत नाही. मी म्हटलं, त्या दिवशी खिडकीशी मोठ्याने वाचत होतात तेव्हा देता येत होता? त्याने यंत्र माझ्याकडे वळवलं आणि पाणी प्यायला गेला. लिहून आणलाय. त्या पत्त्यावर माझं पहिलं पत्र सोमवारी जाईल. तो कागद वाचल्याशिवाय सही करत नाही ना, वाचू दे.

आता नीट वाचा. डॉक्टरीणबाईंनी उद्या रविवारी संध्याकाळी चार वाजता एक यंत्र मोकळं ठेवलंय. सोमवारपर्यंत थांबू नका म्हणाल्या. तुम्ही पहिल्या बसने निघा, नऊला इथे पोचता. कपडे दोन दिवसांचे आणू नका, जास्त आणा. दुकानाला चिठ्ठी लिहून ठेवा. हे उद्या पाळीवर आहेत, सुट्टी मिळत नाही, गाडी तुम्हालाच चालवावी लागेल. कर भरलेला आहे, कुणी अडवणार नाही.

आईंपुढे जाताना तोंड धुऊन जा. काय सांगायचं ते तुम्ही दोघी बघा, मी बाहेर थांबेन. रडायचं असेल ते घरातच उरकून घ्या. गाडीत नको. हॉस्पिटलचा रस्ता अरुंद आहे आणि एका बाजूला उघडी गटार आहे.

वहिनी